स्वतःचा ट्रक स्वतःच चालवतो, थर्ड पार्टी विमा पुरेसा आहे का?

घाटवाला: नाशिकहून कांदा भरून न्हावा शेवा बंदराला जातो, सोबत क्लीनर. एजंट म्हणतो थर्ड पार्टी आहे ना मग बास. खरंच?

टायरगप्पा: नाय ओ. त्यात समोरच्याचं भागतं, तुमचं काय? ओनर-ड्रायव्हरचा १५ लाखांचा पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर आहे का बघा, लायसन चालू लागतं. क्लीनरसाठी जादा प्रीमियम भरा. आणि परमिट किंवा फिटनेस सर्टिफिकेट संपलेलं असताना ठोकलं तर बऱ्याचदा कोर्ट विमा कंपनीला आधी समोरच्याची भरपाई भरायला लावतं अन मग कंपनी ते तुमच्याकडून वसूल करते, तिथेच माणूस बुडतो.

रातपाळी: कांदा भिजला तर ट्रकची पॉलिसी रुपया देत नाही, मालाचा विमा वेगळा. वाटेत सवाऱ्याही बसवू नका.

घाटवाला: सवाऱ्यांचं एजंट बोललाच नाही राव. उद्या पॉलिसी काढून बघतो.