शनिवारी गच्चीवर दाखवलेल्या ‘ह्यूगो’विषयी

सचिव, अ-१०२: काल रात्रीच्या चित्रपटाबद्दल लिफ्टमध्ये एक आणि पार्किंगमध्ये अगदी उलट मत ऐकू आले, म्हणून ती सर्व इथेच मांडावीत अशी विनंती आहे. फुलांचे शुभ सकाळ संदेश आज दुपारपर्यंत थांबवले तर बरे होईल.

ब-३०४: मी स्पष्टच लिहिते. सूचनेत ‘अनाथ मुलाची साहसकथा, सहकुटुंब पाहावी’ असे होते, म्हणून नागपूरच्या या थंडीत दोन्ही मुलांना दुलईसकट वर आणले. पॅरिसच्या रेल्वे स्थानकात घड्याळांच्या आड लपून राहणारा मुलगा, आगीत गेलेले वडील, दारुडा काका आणि वडिलांनी अर्धवट दुरुस्त केलेला एक यांत्रिक माणूस, एवढे कळल्यावर माझा आठ वर्षांचा मुलगा सरसावून बसला होता. पुढे मात्र गोष्ट खेळण्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्याकडे वळते आणि वळतच राहते. १२६ मिनिटांच्या चित्रपटात अनाथ मुलगा शेवटी कोपऱ्यात उभा असतो आणि टाळ्या म्हाताऱ्याला पडतात. तोपर्यंत आमचे चिरंजीव माझ्या मांडीवर गाढ झोपले होते.

अ-४०१: ताई, मुलगा झोपला हे मान्य, पण तो म्हातारा मध्येच घुसवलेला नाही. जॉर्ज मेलिएस हा खरोखर होऊन गेलेला माणूस आहे. मूळचा जादूगार, १८९७ मध्ये त्याने पॅरिसजवळ मोंत्रय येथे काचेच्या भिंतींचा स्टुडिओ उभारला, पाचशेच्या आसपास चित्रपट केले आणि १९०२ मध्ये चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा रुतवून दाखवला. पुढे तो कर्जबाजारी झाला, १९२३ मध्ये संतापाच्या भरात त्याने आपल्याच निगेटिव्ह जाळून टाकल्या आणि मोंपार्नास स्थानकात खेळणी विकत बसला. आपल्या दादासाहेब फाळक्यांना जादूचे प्रयोग येत होते, १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला आणि त्या चित्रपटाचा आज थोडाच भाग शिल्लक आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तरार्ध लांब वाटणार नाही.

मला तर सबंध चित्रपटात एकच प्रसंग पुरेसा होता. यांत्रिक माणूस दौतीत टाक बुडवतो, कागदावर तुटक रेघा ओढतो आणि थांबतो. सगळे फुकट गेले म्हणून ह्यूगो रडू लागतो, आणि तेवढ्यात तो हात पुन्हा हलतो. मघाच्या निरर्थक रेघा एकमेकींना मिळून चंद्राचा चेहरा होतो आणि खाली मेलिएसची सही उमटते. त्या क्षणी गच्चीवर कुणाच्या हातातली शेंगही फुटली नाही.

क-३०१: सरांच्या माहितीत थोडी भर. ही निव्वळ कल्पना नाही. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटकडे १९२८ मध्ये असाच एक मोडका यांत्रिक मुलगा आला होता. दुरुस्त केल्यावर त्याने चित्रे काढली, कविता लिहिल्या आणि आपला कर्ता मेयार्दे असल्याचे स्वतःच लिहून दिले. तोवर लोक दुसऱ्याच कारागिराचे नाव घेत होते. बाकी तक्रार माझीही आहे. हा चित्रपट त्रिमितीत पाहण्यासाठी काढलेला. त्याला मिळालेली पाचही ऑस्कर छायाचित्रण, कलादिग्दर्शन, दृश्य करामती आणि ध्वनीची (दोन) आहेत. आपण तो मधोमध शिवण असलेल्या चादरीवर पाहिला.

अ-१०२: चादर माझी होती. नोंद घेतली.

ब-१०१: मी नागपूर विभागात एकतीस वर्षे गार्ड होतो, म्हणून मला वेगळेच खटकले. चित्रपटातला स्थानक निरीक्षक अनाथ मुलांना पकडून पिंजऱ्यात कोंडतो आणि त्याच्या अधू पायाला आधार देणारा कॅलिपर अडकला की आपण हसतो. मीही हसलो. पण उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, अशा आपल्या स्थानकावर चहूकडून मुले उतरतात. फलाटावर आमच्या लाइन बॉक्सवर, म्हणजे गार्डच्या सामानाच्या पेटीवर, एक पोरगा बसत असे. हावड्याची गाडी किती उशिरा आहे आणि आज कुठल्या फलाटावर घेणार, हे घोषणेच्या आधी तो सांगायचा. त्याच्याकडे दुरुस्त करायला यंत्र नव्हते आणि त्याला कुणी मेलिएसही भेटला नाही.

ब-२०२: काका, आता तसे कोंडता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार असे मूल सापडले, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. मात्र चित्रपटातला निरीक्षक स्वतः अनाथाश्रमात वाढलेला आहे, हे विसरू नये. त्याच्यावर जे गुजरले, तेच तो शिस्त समजून पुढे देतो. मला सगळ्यांत खरे पात्र तेच वाटले.

ब-३०४: निरीक्षकाचे पटले. सर, मेलिएसबद्दल वाचून आता उत्तरार्ध पुन्हा पाहीन, पण मग सूचनेत ‘साहसकथा’ लिहू नका, एवढीच विनंती. मुलीने सकाळी विचारले की ह्यूगोच्या प्रगतिपुस्तकावर सही कोण करतो, आणि मला सांगता आले नाही. काका, तुमच्या त्या पोराचे पुढे काय झाले?

ब-१०१: सुट्टीवरून परत आलो तेव्हा लाइन बॉक्सवर दुसराच मुलगा बसला होता. गाडीला सिग्नल मिळाला होता, म्हणून मी विचारले नाही. नंतरही विचारले नाही.

अ-१०२: पेन ड्राइव्ह माझ्याकडेच आहे. ब-३०४, सायंकाळी मुलीला पाठवा.