साध्या लॅपटॉपवर गेम: टर्बो बंद आणि ३० एफपीएसचं कुलूप, शहाणपण की कंजुषी?

गच्चीवरचा (धागाकर्ता):
आमच्या ग्रुपवर कोणी ना कोणी तोच प्रश्न टाकत असतं. "लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, जीटीए ५ अडखळतो, काय करू?" उत्तरंही ठरलेली. हा गेम बूस्टर टाक, तो रॅम क्लीनर टाक, यूट्यूबवरच्या अमक्याची फाईल डबल क्लिक कर. माझं मत बरोबर उलट आहे आणि ग्रुपवर ते कोणाला पटत नाही, म्हणून इथे मांडतो. साध्या लॅपटॉपवर नीट खेळायचं असेल तर त्याला पळवायला जाऊ नका, त्याचा वेग बांधा.

बारीक, हलक्या लॅपटॉपमधल्या यू मालिकेच्या प्रोसेसरला बहुधा १५ वॉटच्या आसपास वीज ठरवून दिलेली असते. त्यातच कोअरनी (प्रोसेसरच्या हिशोब करणाऱ्या भागांनी) आणि आतल्या ग्राफिक्सने भागवायचं. गेम सुरू झाला की टर्बो (गरजेला वेग वाढवायची प्रोसेसरची सोय) चढतो, कोअर वॉट खात सुटतात आणि खरा बोजा ज्याच्यावर आहे ते ग्राफिक्स उपाशी राहतं. सुरुवातीला थोडा वेळ जादा विजेची मुभा असते, त्यामुळे सगळं झकास वाटतं. मग उष्णता साठत जाते, चिप शंभर अंशांना टेकते आणि स्वतःच स्वतःचा वेग कापते. ५५ एफपीएसवर (सेकंदाला इतक्या फ्रेम, म्हणजे चित्रं) चाललेला गेम एकदम २२ वर. डोळ्यांना खुपतो तो हा झोका. सरासरी किती आली याच्याशी डोळ्यांना काही घेणं नसतं.

मी काय करतो: पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के. एवढ्याने बहुतेक लॅपटॉपांवर टर्बो बंद होतो (नव्या काही मॉडेलांत ही ओळ लपवलेली असते). रिवाट्यूनर या सॉफ्टवेअरमधून ३० एफपीएसचं कुलूप, म्हणजे त्यापुढे फ्रेम जाऊच द्यायच्या नाहीत. रिझोल्युशन १२८०×७२०. १९२०×१०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल आणि ७२० ला ९,२१,६००, म्हणजे दर फ्रेमला निम्म्याहून कमी रंगकाम. सावल्या आणि धुकं सगळ्यात खाली, टेक्स्चर (वस्तूंवरचे पोत) मात्र मध्यम. बूस्टर बिस्टर काही नाही. रॅम क्लीनर तर उपद्रवीच, कारण विंडोजने कॅशमध्ये जपून ठेवलेला माल तो फेकून देतो आणि गेमला तोच परत डिस्कवरून आणावा लागतो.

बोला.

हेडशॉट_हडपसर:
पूर्ण असहमत.

३० एफपीएस म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३.३ मिलिसेकंद, ६० ला १६.७. व्हॅलोरंटसारख्या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये समोरचा कोपऱ्यातून डोकं काढतो तेव्हा तेवढ्यात निकाल लागलेला असतो. आणि टर्बो बंद? रायट कंपनीने व्हॅलोरंट २०२० साली काढला तेव्हा ३० एफपीएससाठी किमान गरज म्हणून इंटेल एचडी ४००० लिहिलं होतं. २०१२ चं ग्राफिक्स! आजचं आतलं ग्राफिक्स त्याच्या कितीतरी पुढे आहे. या गेमचं घोडं अडतं प्रोसेसरपाशी. टर्बो काढला की शंभरावर चालणारा गेम सत्तरीत येतो. तुमचा सल्ला ऐकून एखादा पोरगा रँक घालवून बसेल.

गच्चीवरचा:
हेडशॉट, मी जीटीए, विचर असल्या निवांत गेमांबद्दल बोलतोय. तुमच्या गेमला टर्बो ठेवा, माझी हरकत नाही. पण कुलूप तिथेही लागतंच. पडदा ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा), आणि तुम्ही १४० फ्रेम काढणार. वरच्या ८० कोण बघतं? त्यांची उष्णता मात्र पुरी मिळते.

हेडशॉट_हडपसर:
दिसत नाहीत, पण पडदा बदलतो त्या क्षणी हातात असलेली फ्रेम जास्त ताजी असते. माउस हलवल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा वेळ कमी होतो. स्पर्धेत खेळणारे कॅप (तुमचं कुलूप) काढतात ते काय हौस म्हणून?

तापकीर_गल्ली:
दोघांचं भांडण मजेशीर आहे, पण दोघांपैकी एकानेही लॅपटॉपचं झाकण उघडून बघितलेलं दिसत नाही.

आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅमवर जगतं. डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग) ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ जीबी एवढीच वाट आहे. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की ५१.२. प्रोसेसर तोच, वॉट तेच, सेटिंग तेच, आणि फ्रेममध्ये एवढी वाढ होते की गिऱ्हाइकाला वाटतं आम्ही आत आणखी काहीतरी बदललं. स्वस्त लॅपटॉप विकताना कंपन्या सर्रास ८ जीबीची एकच पट्टी टाकतात. जाहिरातीत '८ जीबी रॅम' बरोबर, एकच मार्ग चालू आहे हे कोण सांगणार?

घरबसल्या ओळखायचं असेल तर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' दिसलं तर समजा. आणखी एक खूण आहे. इंटेलच्या ११ व्या पिढीतल्या ज्या चिपवर आयरिस एक्सई हे आतलं ग्राफिक्स असतं, तीच चिप एका पट्टीवर चालत असेल तर विंडोज तिला नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणतं. दुसरी पट्टी लावली की आयरिस एक्सई हे नाव येतं. कंपनीच सांगतेय की एका पट्टीवर हे ग्राफिक्स अर्धवट आहे. आणि लोक दोन-दोन वर्षं ३० की ६० यावर वाद घालतात.

बायोस_बहाद्दर:
+१ पट्टीला. पण रॅमचे भाव बघितलेत का? २०२५ च्या अखेरीपासून मेमरी कारखान्यांचा ओढा एआय सर्व्हरच्या मालाकडे आहे, आपल्यासारख्यांना महाग पडते. फुकटातलं सांगतो. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखालची 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय बंद करा. मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये गेम खेळणाऱ्यांना सांगितलंय की याने वेग वाढू शकतो, खेळून झालं की परत चालू करा. मी तर पुढे जाऊन छाटलेलं विंडोज टाकलंय, डिफेंडरसकट (विंडोजचा अँटिव्हायरस) सगळी अडगळ बाहेर. शिवाय थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरने अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज. लोण्यासारखं चालतंय.

नेटबँकिंगवाले_काका:
मी गेम खेळत नाही, पण या धाग्यावर मला बोलायलाच हवं. आमच्या चिरंजीवांना लॅपटॉप घेऊन दिला तो इंजिनिअरिंगसाठी. त्याच लॅपटॉपवर मी बँकेचे व्यवहार करतो आणि हिची म्युच्युअल फंडाची खाती आहेत. आणि तुम्ही पोरांना सांगताय डिफेंडर काढून टाका? कोणी छाटलेलं विंडोज, कुठून उतरवलेलं, आत काय घातलंय, कोणाला ठाऊक? मायक्रोसॉफ्टने 'खेळून झालं की परत चालू करा' म्हटलंय हे तुम्हीच लिहिलंत. आमच्याकडे गेम झाल्यावर चहाचा कप उचलला जात नाही, सुरक्षा कसली परत चालू होतेय!

बायोस_बहाद्दर:
काका, मग बँकेसाठी वेगळं यूझर अकाउंट करा.

तापकीर_गल्ली:
वेगळ्या अकाउंटने काय होणार? मुळातल्या विंडोजमध्येच कोणी कीड घातली असेल तर अकाउंट कितीही करा. काकांचं बरोबर आहे. आणि अंडरव्होल्टचं सांगताना अर्धं सांगू नका. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, तेव्हापासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत अंडरव्होल्टची सोय बायोसमधूनच (विंडोजच्या आधी चालू होणारी लॅपटॉपची मूळ व्यवस्था) कुलूपबंद आहे. लोक थ्रॉटलस्टॉप उघडतात, चाकं फिरवतात, आकडा जागचा हलत नाही, आणि तरी म्हणतात फरक जाणवला. व्हॅलोरंटवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. 'वेग वाढवा' छाप व्हिडिओ बघून बायोसमधलं सिक्युअर बूट बंद केलंत तर विंडोज ११ वर गेम उघडणारच नाही, त्याचं व्हॅनगार्ड (लबाडी रोखणारं सॉफ्टवेअर) सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या दोन्ही सोयी मागतं. असे लॅपटॉप 'बिघडला' म्हणून आमच्याकडे येतात.

अकोल्याचा_कूलर:
पुण्यामुंबईच्या लोकांनी वॉट आणि पट्ट्यांवर भांडत बसावं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी खोलीतच ४३ असते.

साधा हिशोब आहे. चिप १०० अंशांवर वेग कापते. खोली २५ ची असेल तर मध्ये ७५ अंशांचं अंतर, ४३ ची असेल तर ५७. उष्णता बाहेर जाते ती या अंतराच्या जोरावर. म्हणजे तोच पंखा, तीच जाळी, आणि बाहेर जाणारी उष्णता जवळपास चतुर्थांशाने कमी. जानेवारीत जमलेली सेटिंग मेमध्ये बोंबलते ती यामुळे, आणि लोक शिव्या घालतात विंडोजच्या अपडेटला. अडीच हजार किलोमीटर लांबच्या थंड स्टुडिओत बसून कोणी 'या लॅपटॉपवर ५० एफपीएस मिळतात' म्हणत असेल तर ते त्याच्या खोलीत मिळतात.

म्हणून माझं मत गच्चीवरच्या दादांच्या बाजूने. टर्बो बंद केल्यावर उन्हाळ्यात माझा गेम पहिल्यांदा तासभर एकसारखा चालला. बाकी देशी उपाय: लॅपटॉप गादीवर नको, मागचा काठ दोन बोटं उचललेला हवा, पंख्याच्या जाळीतली धूळ दर उन्हाळ्याआधी काढा. गादीवर ठेवून कूलिंग पॅडचे पैसे घालणारे बघितलेत मी. आणि खसच्या कूलरच्या अगदी तोंडाशी लॅपटॉप नेऊ नका. हवा गार लागते खरी, पण तुषार आत जातात.

शेवग्याची_शेंग:
कुलपाच्या बाजूने मीही आहे, पण ३० फार सुस्त वाटतं. मी ४० ठेवते. स्टीम डेकवाले (हातात धरून खेळायचं यंत्र) ४० वरच खेळतात ना? तेही १५ वॉटचंच यंत्र आहे.

गच्चीवरचा:
ताई, डेकवर ४० गुळगुळीत दिसतं कारण तिथे पडदाच ४० हर्ट्झवर उतरवता येतो. तुमचा लॅपटॉप ६० हर्ट्झचा असेल तर ४० चं ६० शी जमत नाही. व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या तालावरच दाखवायची सोय) लावलं की एक फ्रेम पडद्याच्या एका फेरीला टिकते, पुढची दोन फेऱ्यांना. कॅमेरा हळू फिरवून बघा, हिसके दिसतील. ३० मध्ये प्रत्येक फ्रेम बरोबर दोन फेऱ्या. डिस्प्ले सेटिंगमध्ये तुमच्या पडद्याला ४८ हर्ट्झ दिसत असेल तर तो निवडा आणि कुलूप ४८ किंवा २४ ला लावा. ४८ जमलं तर सोनंच.

शेवग्याची_शेंग:
बघितलं, ४८ आहे यादीत! मग ७२० ऐवजी एफएसआर (कमी पिक्सेलमध्ये रंगवून चित्र मोठं करणारं तंत्र) का नाही सांगितलं? १०८० ठेवून एफएसआर 'क्वालिटी'ला लावलं तरी आत गेम १२८०×७२० वरच रंगतो, आणि वरची अक्षरं, नकाशा मात्र पूर्ण १०८० मध्ये राहतात. चष्म्याच्या नंबरवाल्यांना हा फार मोठा फरक आहे. नुसतं ७२० केलं की संवादांच्या ओळी वाचवत नाहीत.

गच्चीवरचा:
ज्या गेममध्ये एफएसआर आहे तिथे तेच लावावं, मान्य. एएमडीने २०२१ मध्ये काढलं तेव्हापासून इंटेलच्या ग्राफिक्सवरही चालतं. मी जीटीए ५ च्या जुन्या आवृत्तीच्या हिशोबाने लिहिलं, त्यात ते नाही. फक्त 'परफॉर्मन्स'ला हात लावू नका. १०८० च्या पडद्यावर आत ९६०×५४० उरतं आणि झाडांची खिचडी होते.

पगाराची_वाट:
एवढ्या उठाठेवी करण्यापेक्षा पैसे साठवून कन्सोल घ्या किंवा वेगळ्या ग्राफिक्स कार्डचा लॅपटॉप. लोकांना वेळेची किंमतच नाही. शनिवार रविवार सेटिंग करण्यात आणि गेम खेळायचा सोमवारी?

हेडशॉट_हडपसर:
कार्डवाल्या लॅपटॉपवाल्यांचीही रड ऐकतो रोज. कार्ड आहे, पण गेम चालतोय आतल्या ग्राफिक्सवर, कारण विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमला 'हाय परफॉर्मन्स' लावलेलंच नाही. किंवा चार्जर न लावता बॅटरीवर खेळतायत आणि विचारतायत की वेग निम्मा का. पैसे टाकले म्हणून डोकं लावायचं सुटत नाही.

आणि माझा मुद्दा अजून उभा आहे. अकोलेकर, तुम्ही टर्बो बंद करून कुठला गेम खेळलात?

अकोल्याचा_कूलर:
विचर ३.

हेडशॉट_हडपसर:
तेच म्हणतो. राक्षस थांबतो तुमच्यासाठी. माझ्यासमोरचा थांबत नाही. नेमबाजीला टर्बो चालू, रिझोल्युशन कमी, कॅप नाही, आणि तापतच असेल तर पंखा साफ करून पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला. यावर मी हलणार नाही.

तापकीर_गल्ली:
एक चाचणी सांगतो, दोघांनी आपापल्या गेमवर करा. गेम वीस मिनिटं चालू द्या, मगच आकडे नोंदवा. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे फेकून द्या, थंड लॅपटॉप सगळेच पळतात. आणि सरासरीबरोबर 'एक टक्का लो' (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमांचा वेग) बघा, रिवाट्यूनर दाखवतो. टर्बो चालू असताना सरासरी वर जाऊन हा आकडा खाली पडत असेल तर गच्चीवरचे बरोबर. दोन्ही वर राहत असतील तर हेडशॉट बरोबर. पेस्ट वॉरंटीच्या काळात बदलायची असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

नेटबँकिंगवाले_काका:
तापकीर गल्ली, आमच्या लॅपटॉपमध्ये तुम्ही म्हणता ते बघितलं. चिरंजीव म्हणतात ८ जीबी बोर्डावरच पक्की डकवलेली आहे आणि एक जागा रिकामी. १६ ची पट्टी लावली तर चालेल का, की ८ च हवी? गेमसाठी नाही, त्याचं कॅडचं सॉफ्टवेअरही रखडतं.

तापकीर_गल्ली:
काका, दोन्ही चालतील. ८ लावलीत तर सगळी १६ दोन मार्गांनी चालते. १६ लावलीत तर बहुतेक लॅपटॉपांत पहिली १६ जीबी दोन मार्गांनी आणि वरची ८ एका मार्गाने. कॅडसाठी १६ घ्या. डीडीआर४ की डीडीआर५ ते आधी बघून घ्या, एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही. चिरंजीव किती फ्रेम मिळाल्या ते सांगतीलच.