रक्तचोषा म्हणजे जळू नव्हे

'रक्तपिपासू'ला बंगालीत काय म्हणतात, यावर कुणीतरी 'रक्तचोषा' हा शब्द सुचवलाय आणि त्याचा अर्थ जळू दिलाय. शब्द बरोबर, अर्थ नाही. जळवेला बंगालीत 'जोंक' म्हणतात. 'रक्तचोषा' म्हणजे रक्त शोषणारा कुणीही, आणि गंमत म्हणजे तिकडे साध्या सरड्यालाही हेच नाव आहे. बिचारा किडे-मुंग्या खातो! विणीच्या काळात नराचा गळा लालभडक होतो, त्यावरूनच हा आळ आला असावा.

आमच्या देवगडात तोच सरडा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, मान डोलावत बसतो, त्याला कुणी रक्ताचा हिशोब विचारत नाही. खरी रक्तपिपासू पावसात खाचरात भेटते. लावणी करून बांधावर आलं की पोटरीला जळू. चुना लावला की गळून पडते, पण रक्त वाहतच राहतं, कारण तिच्या लाळेतलं हिरुडिनसारखं द्रव्य ते गोठू देत नाही.