मदत हवी आहे : विद्यार्थ्यांच्या ताणाचे मूळ पैशांत असेल, तर महाविद्यालयाने नेमके काय करावे?

नमस्कार. मी पुणे जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि द्वितीय वर्षाच्या एका गटाची मेंटॉर आहे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. त्यानंतर आमच्याकडेही समुपदेशक आल्या आणि त्या मनापासून काम करतात.

तरीही आमच्याकडे ताण म्हटले की परीक्षा, एटीकेटी आणि प्लेसमेंट एवढ्यावरच चर्चा थांबते. माझ्या गटात जालना, बीड, नंदुरबारकडची मुले बरीच आहेत. त्यांना खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे दरमहा द्यावे लागतात. मात्र महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या आणि विभागाच्या पडताळणीतून पुढे सरकून आधारशी जोडलेल्या खात्यात रक्कम जमा होईपर्यंत अनेकदा सत्र संपत आलेले असते. मधल्या काळात कोणी एका वेळचा डबा बंद करतो, कोणी रात्री पार्सल पोहोचवण्याचे काम धरतो. मग सकाळची प्रात्यक्षिके बुडतात, हजेरी ७५ टक्क्यांखाली जाते आणि टर्म ग्रँट होईल की नाही, म्हणजे परीक्षेला बसू देतील की नाही, ही धास्ती सुरू होते. सोयाबीनला भाव नसताना घरी पैसे मागायला यांची जीभ रेटत नाही. अशा मुलाला प्राणायाम शिकवून काय साधणार, असे मी बैठकीत विचारले, तेव्हा विषय बदलला गेला.

शिष्यवृत्ती येईपर्यंत उसनवार देणारा निधी आपल्यापैकी कोणाच्या महाविद्यालयात आहे का? असल्यास, मागणाऱ्याचे नाव वर्गात फुटू नये यासाठी काय व्यवस्था केली आहे? ‘कमवा आणि शिका’ योजनेतील कामाचे तास अभियांत्रिकीच्या वेळापत्रकात बसवता येतात का? शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, पण कागदपत्रे जमवण्यात त्यांना मदत करण्याची जबाबदारी आपल्याकडे कोणावर असते?

टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर आधीच लावला आहे, त्यामुळे कृपया हेल्पलाइन सुचवू नयेत. आणखी एक अडचण अशी की, मेंटॉरने मुलांकडून भरून घेतलेला वैयक्तिक माहितीचा अर्ज विभागप्रमुखांकडे जातो, हे मुलांना ठाऊक असते आणि म्हणून आर्थिक अडचणीच्या रकान्यात जवळपास प्रत्येक जण ‘नाही’ असेच लिहितो. हा रकाना अर्जातून काढून ती माहिती फक्त समुपदेशकांकडे ठेवण्याची पद्धत कोणी राबवली असल्यास, प्राचार्यांची संमती कशी मिळवली, हेही कृपया सविस्तर लिहावे.