मुलाचं जुनंच, सगळ्यांच्या ओळखीचं नाव ठेवलंत? अनुभव सांगा

मधली_सून
काल भाचीचा फोन आला. बाळ नऊ दिवसांचं झालंय, बारसं रविवारी. "मावशी, आम्हाला गणेश ठेवायचंय. पण जो तो म्हणतोय, आता कोण ठेवतं गणेश? गल्लीत पाच सापडतील."

फोन ठेवला आणि लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातून माझ्या मुलाची कुंची काढली. तिच्या घडीत सासूबाईंच्या अक्षरातला कागद होता. कॅलेंडरच्या पानाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेली नावं: केशव, श्रीधर, गोविंद, अनिरुद्ध, वामन, अच्युत. सगळी संध्येतल्या चोवीस नावांमधली. सर्वांत खाली नुसतं "मा" लिहून खोडलेलं.

माझे सासरे मुलगा व्हायच्या आधी चार महिने गेले. त्यांचं नाव माधव. सासूबाईंनी उखाण्याशिवाय ते कधी तोंडातून काढलं नव्हतं, लिहितानाही हात थांबला. ते खोडलेलं "मा" यांनी पाहिलं आणि बारशाला नणंदेनं बाळाच्या कानात कुर्रर्र करून माधवच सांगितलं. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

पुढची चार वर्षं त्या मुलाला "बाळ" म्हणायच्या. बालवाडीत नाव घालायच्या दिवशी मला सडकून ताप, म्हणून त्याच गेल्या. बाईंनी नाव विचारलं, पोरगं गप्प. परत आल्या, चप्पल काढता काढता म्हणाल्या, "घेतलं गं नाव आज. उखाण्याशिवाय."

माधव काही वेगळं नाव नाही. आमच्या ओळखीत चार आहेत. पण मला त्या पेन्सिलीच्या "मा"पुढे दुसरं काही सुचलंच नसतं. तुम्ही कोणी असं जुनं, घरोघरी असणारं नाव ठेवलंय का? भाचीला वाचून दाखवायचंय.

रानजाई
घेतलं गं नाव आज... अंगावर काटा आला. ऑफिसच्या बसमध्ये वाचतेय, डोळे पुसायची पंचाईत.

पोळी_तव्यावर
गणेश ठेवा. डोळे मिटून ठेवा. माझा अनुभव मोठा आहे, दूध उतू गेलं, नंतर लिहिते.

उंबरठा
आमच्याकडे अक्षराचा घोळ झाला. बाळाचं हस्त नक्षत्र, तिसरा चरण. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. म्हणजे आमच्या वाट्याला ण! २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, एकूण १०८, त्यात आम्हाला नेमका ण यावा. दोन दिवस सगळं घर ण वरून नाव शोधत होतं. शेवटी गुरुजीच म्हणाले, नावरस नाव पत्रिकेपुरतं, हाक मारायचं तुम्हाला आवडेल ते ठेवा. माझे वडील कोपऱ्यात पेपर वाचत होते, पेपर खाली न घेताच म्हणाले, "नारायण ठेवा. शेवटी का होईना, ण आहे त्यात." ठेवलं! आज कोणी म्हणालं की फार जुनं नाव आहे, तर मी म्हणतो, हो, म्हणूनच आजीपासून वॉचमनपर्यंत कोणीही एकदाही चुकीचं उच्चारलेलं नाही.

चष्मिष
माझा भाऊ सचिन, १९९१चा. वर्गात चार सचिन होते. बाई हजेरीला वडिलांच्या नावासकट पुकारायच्या. तेंडुलकरचं नावही वडिलांनी सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं, म्हणजे एका आवडीतून दुसरी आवड. माझ्या बाबांनी मात्र क्रिकेटसाठीच ठेवलं. भावाला बॅट धरता येत नाही, तो तबला वाजवतो. पण दाराबाहेर कोणी "सचिन" म्हटलं की आई अजूनही कणीक मळता मळता वळून बघते. चारांतला कुठला, हे तिला आवाजावरून कळायचं.

खडीसाखर
नाव काहीही ठेवा, शेवटी सच्या, गण्या, मध्या, संज्या, पक्या, अव्या, पश्या. अनिरुद्धचा अन्या होतो. आमच्या गल्लीत श्रीकांतला चिक्या म्हणायचे, का ते त्यालाही माहीत नाही.

रानजाई
@खडीसाखर पण ती हाक प्रेमाचीच असते हो. माझ्या मामाला पक्या म्हणणारे आता दोनच मित्र उरलेत. परवा त्यातला एक भेटायला आला आणि जिन्यातूनच ओरडला, "पक्याऽऽ". मामा दवाखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदा हसला. प्रकाशराव म्हणणारे पुष्कळ येऊन गेले होते.

मधली_सून
मामांची तब्येत आता कशी आहे?

रानजाई
आता जिना उतरतात. आज भाजी आणायला गेले होते.

दोन_नंबर_फलाट
नाव ठरत नसेल तर घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्यात बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. १२ महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आम्ही विसरलो आणि थोरल्याच्या दाखल्यावर नावाची जागा पाच वर्षं कोरी राहिली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो, तेव्हा हे काम टाळू नका.

आणि इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा. थोरला अक्षय. शाळेत त्याचा क्ष एक्स लावून लिहिला, आधारवर केएसएच. ते एक करून घ्यायला माझी पाच कामाच्या दिवसांची रजा गेली. खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले, दोन्ही बरोबरच आहेत. बरोबर आहेत हो, पण जुळत नाहीत ना!

पाटावरची
कुंची घरी शिवलेली का? मला नातवासाठी शिवायचीय. खण आहे घरात, माप कोणी सांगेल का?

उंबरठा
नाव सर्रास आणि आडनावही सर्रास असेल, तर वडिलांचं नाव कुठेच गाळू नका. आमच्याच इमारतीत माझ्या नावाआडनावाचे दुसरे गृहस्थ आहेत. त्यांच्या थकलेल्या कर्जाची नोटीस माझ्या दारावर चिकटवून गेले होते. बायको दोन दिवस जेवली नाही. मधलं नाव वाचलं तेव्हा उलगडा झाला. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचंही नाव येतं: मुलाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. त्यामुळे गणेश पाच असले तरी ओळखण्यात गोंधळ व्हायचा नाही.

सांजवात
माझ्या आजोबांचं नाव धोंडू. त्यांच्या आधीची दोन मुलं गेली होती, म्हणून नजर लागू नये, मरणानं वळून बघू नये असं नाव. दगडू, भिकाजी, केरबा, सगळी त्यातलीच. आपण ऐकून हसायचो लहानपणी. माझं पहिलं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, त्यानंतर मला त्या नावातली भीती कळली. दुसरा झाला तेव्हा सासरच्यांनी विचारलं, नवीन काहीतरी ठेवूया का. मी म्हटलं, विष्णू. जे नाव हजारो वर्षं टिकलंय ते माझ्या बाळाला द्या. आता अकरावीत आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच.

मधली_सून
सांजवात, काय लिहू. विष्णूला खूप आशीर्वाद.

चष्मिष
ताई, मिठी.

पोळी_तव्यावर
आले. तर, माझा मुलगा गणेश. माघी गणेशजयंतीला जन्मला, दुसरं नाव सुचायचा प्रश्नच नव्हता. पण जाऊबाईंच्या मुलांची नावं अशी की अर्थ विचारावा लागतो, आणि मला वाटायचं माझ्या लेकराला मी स्वस्तातलं नाव दिलं. सहावीत तो रडत घरी आला, वर्गात तीन गणेश, त्याला "गणेश बारका" म्हणतात. मी म्हटलं बदलूया, अर्ज करू. तर डोळे पुसून म्हणाला, "नको, उद्यापासून आम्ही तिघं एका बाकावर बसणार आहोत."

ते तिघं आता पंचविशीचे आहेत. गेल्या गणपतीत मूर्ती आणायला तिघंही गेले होते. दारात ताम्हन घेऊन उभी होते, औक्षण करताना सवयीनं म्हटलं, "गणेश, जरा पुढे हो." तिघंही पुढे झाले. मूर्ती ज्याच्या हातात होती तो माझा नव्हता. तरी मी आधी त्यालाच कुंकू लावलं.

भाचीला सांगा, ठेव.

खडीसाखर
तिघंही पुढे झाले! वा.

पाटावरची
कुंचीचं माप राहिलंच बघा.

मधली_सून
@पाटावरची घरचीच आहे, सासूबाईंनी शिवलेली. माप असं नाही, त्या बाळाच्या कपाळापासून पाठीवरून टाचेपर्यंत वीत टाकून मोजायच्या आणि चार बोटं वाढवायच्या. खणाला आतून जुन्या मऊ धोतराचं अस्तर लावा, जरीचा काठ टोचतो. बंद शिवताना गाठ बाहेरच्या बाजूला घ्या.

उंबरठा
@खडीसाखर नारायणला घरी काय म्हणतो ते सांगायचं राहिलं. नाना. तीन वर्षांचा नाना. माझे वडील त्याला "काय नाना, झोप झाली का?" असं समवयस्काला विचारावं तसं विचारतात. दोघं मिळून पेपर बघतात.

मधली_सून
भाचीला सगळं वाचून दाखवलं. पोळीताईंचं दोनदा वाचायला लावलं. नवऱ्यालाही ऐकवते म्हणाली. बाळाची आत्या उद्या रात्रीच्या गाडीनं निघतेय. मी माधवची कुंची उन्हात टाकलीय. कागद मात्र परत कपाटात ठेवला.