मदत हवी आहे: केस ओढणं थांबलं, झोपही गेली

कोपऱ्यातली_खिडकी:
७ आठवडे झाले, एकही केस ओढला नाही (परवाचे दोन सोडून). पण रात्री एक-दीडपर्यंत टक्क जागी. सकाळी ६.२४ची लोकल. डॉक्टरांची तारीख अजून २० दिवस लांब. झोपेसाठी काय करू? 'ध्यान करा' नको, करून झालंय.

घाटपायथा:
केस गळतात का? आमच्या आत्याला चाई पडली होती. रोज कांद्याचा रस चोळायची, आले परत.

कोपऱ्यातली_खिडकी:
गळत नाहीत हो, मीच उपटते. ट्रायकोटिलोमेनिया. झोपेचं विचारलंय.

चष्मेवाली:
चाईचा चट्टा गुळगुळीत असतो, यात कमीजास्त लांबीचे खुंट राहतात. कांदा अजिबात नको, आग होईल. मीही यातलीच, भुवया ओढायचे. खिडकी, अंथरुणात पडल्यावर ओढायचीस का?

कोपऱ्यातली_खिडकी:
बहुतेक तेव्हाच. एका हातात मोबाइल, दुसरा डोक्यात. ओढता ओढता डोळा लागायचा.

चष्मेवाली:
मग ती तुझी अंगाईच होती की गं! ती काढून घेतलीस आणि हात रिकामा ठेवलास. हॅबिट रिव्हर्सल म्हणजे सवय मोडायच्या थेरपीत हात वर जायला लागला की मिनिटभर मूठ आवळायला शिकवतात. दिवसा जमतं, पेंगताना कुठलं कळतंय? मी गोधडीचा काठ बोटांनी चिवडत झोपते. आईच्या साडीचा आहे, खरबरीत.

त्रिफळाचूर्ण:
टक्कल करा, प्रश्न मिटला. रात्री दुधात जायफळ. मूळ दुखणं मोबाइल.

चष्मेवाली:
काका, डोक्यावर मिळाले नाहीत तर हात भुवयांवर जातो. विचारा मला.

हिशेबनीस:
एन-असिटिलसिस्टीन नावाचं सप्लिमेंट घ्या. २००९ची चाचणी आहे, १२ आठवड्यांत चांगला फरक. मी घेतोय.

रातपाळी_नर्स:
मुलांवरच्या २०१३च्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही, तेही सांगा की. मनाने काही सुरू करू नका. खिडकी, गोळ्या चालू आहेत? कोणत्या, कधी घेता? चहा किती?

कोपऱ्यातली_खिडकी:
फ्लुओक्सेटिन. चहा चार वेळा, शेवटचा साडेसातला स्टेशनवर.

रातपाळी_नर्स:
कधी घेता?

कोपऱ्यातली_खिडकी:
रात्री जेवून. लिहिलीय सकाळी, पण लोकलमध्ये मळमळायचं म्हणून मीच रात्रीवर नेली. झाले पाचेक आठवडे.

रातपाळी_नर्स:
अहो, हे आधी सांगायचं ना! या गोळीने अनेकांची झोप उडते, म्हणून सहसा सकाळी देतात. बंद मात्र करू नका. २० दिवस कशाला थांबता? उद्याच दवाखान्यात फोन करा, वेळ बदलल्याचं सांगा, नाश्त्यानंतर चालेल का विचारा. साडेसातचा चहा सोडा, निम्मं कॅफीन उतरायलाच पाचेक तास लागतात. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. फारच घालमेल झाली तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात.

कोपऱ्यातली_खिडकी:
दुसरी खोली कुठली? वन रूम किचन आहे. बाहेर सासूबाई.

रातपाळी_नर्स:
मग ओट्यापाशी स्टूल टाका. दिवा मंद. मोबाइल नाही.

घाटपायथा:
६.२४ म्हणजे कर्जत लाइन का हो? बसायला मिळतं?

त्रिफळाचूर्ण:
जायफळाचं कोणी मनावरच घेत नाही.

कोपऱ्यातली_खिडकी:
फोन लावला. डॉक्टर दुपारी बोलणार आहेत. चष्मेवाली, माळ्यावरून गोधडी काढली. काठ विरलाय पण टाके जाड आहेत. चालतील?

चष्मेवाली:
पळतील! फक्त उसवत बसू नकोस. मी एक अख्खी उसवलीय.