गोवॉम्पकीची पानं फाटतात, काय चुकतंय?

सायली_व्रोत्सवाफ
नमस्कार मंडळी, आम्ही दोन वर्षं झाली पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहतोय आणि लेकाला शाळेच्या कॅन्टीनमधली गोवॉम्पकी एवढी आवडतात की आता घरी पण तीच हवी असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कोबीच्या अख्ख्या पानात खिमा आणि भात भरून गुंडाळायचं आणि मंद आचेवर शिजवायचं, वरून टोमॅटोचा सॉस. नावाचा अर्थ छोटी कबुतरं.

तीनदा करून झाली, तिन्ही वेळा बिघडली. कोबीची पानं कच्ची सोडवायला जाते तर अर्धी फाटतात, उरलेली गुंडाळताना मधल्या शिरेवर कटकन मोडतात. मागच्या वेळी भात पूर्ण शिजवून घातला तर आत सगळा लगदा झाला, आणि शेवटी आंबट क्रीम घातलं तर सॉस फुटला. येत्या रविवारी शेजारच्या आजींना जेवायला बोलावलंय. आम्ही नवीन आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या स्वतः केलेल्या पिएरोगीचा (सारण भरून उकडलेल्या करंज्याच म्हणा) डबा घेऊन आल्या होत्या, मला भाषेचा गंध नव्हता आणि त्या तासभर बसून बोलत होत्या. त्यांना नीट झालेलं वाढायचंय हो. कृपया सांगा.

मीनल_क्राकुफ
अगं सायली, पानं कच्ची सोडवतेस तिथेच चुकतंय. मी १४ वर्षं इथे आहे आणि सासूबाई पोलिश, त्यामुळे हे त्यांच्या हाताखाली शिकलेय. आख्खा कोबी घे, दोन किलोचा तरी, आणि हातात जड लागणारा घट्ट गड्डा नको, जरा चपटा आणि सैल बघ. बुडखा सुरीने खोल कोरून काढ. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळ आणि अख्खा गड्डा त्यात सोड, भोक खाली. दोन-तीन मिनिटांनी बाहेरची पानं आपोआप सैल होतात, ती चिमट्याने काढून घ्यायची, परत दोन मिनिटं, परत दोन पानं, असं करत जायचं. घाई करून ओढलंस की फाटलंच. पान बोटाभोवती गुंडाळलं तर मोडू नये, एवढंच मऊ हवं.

मग शीर. अळूवडीच्या पानाची जाड शीर आपण पाठीमागून सुरीने तासतो ना, अगदी तसंच, कापून टाकायची नाही, फक्त पानाच्या जाडीची करायची.

सारणाला अर्धा किलो खिमा, डुकराचाच, खांद्याचा असेल तर बरा, अगदी चरबी नसलेला घेतलास तर कोरडा होतो. तांदूळ १०० ग्रॅम, आणि अर्धाच शिजवायचा, दाताखाली कणी लागली पाहिजे. बाकीचा आत खिम्याच्या रसात शिजतो. पूर्ण कच्चा पण नको, फुगून पान फाडतो. दोन कांदे बारीक चिरून लोण्यावर गुलाबी, मीठ, भरपूर काळी मिरी, मार्जोरम. झालं. मसाले वाढवायचा मोह होतो, मलाही व्हायचा, पण त्यात कोबीची गोडी जाते.

पातेल्याच्या तळाला फाटकी पानं अंथर (वाया काहीच जात नाही), त्यावर गुंडाळ्या कड खाली करून अगदी खेटून लाव. सैल ठेवल्यास की उकळीत उघडतात. गरम स्टॉक बुडेपर्यंत, वर परत दोन पानं, झाकण, मंद आचेवर तासभर, किंवा ओव्हनमध्ये १८० डिग्रीला दीड तास. सॉस त्याच पाण्याचा कर, तीन-चार चमचे टोमॅटो कॉन्सन्ट्रेट घालून उकळ, मग गॅस बंद. क्रीम वाटीत घेऊन त्यात गरम सॉस एकेक चमचा घालत ढवळ आणि मग पातेल्यात ओत. थेट ओतलं की ताक तापवल्यासारखं फुटतं.

शंतनू_पुणे
पोलंडमध्येच वुच शहरात शिकायला होतो, आता परत आलोय आणि पुण्यात करतो. आपल्याकडचा कोबी फार घट्ट असतो त्यामुळे मी दुसरी युक्ती वापरतो, बुडखा काढून गड्डा एक दिवस अख्खा फ्रीझरमध्ये आणि मग रात्रभर बाहेर. पाणी सुटतं आणि पानं ओल्या फडक्यासारखी मऊ होतात, उकळायचं कामच नाही. तांदूळ इंद्रायणी, चिकट असतो त्यामुळे अंडं न घालता सारण धरून राहतं. आणि मार्जोरम म्हणजे आपला मरवा, गजऱ्यात असतो तो! पहिल्यांदा होस्टेलच्या किचनमध्ये पुडी फोडली तर आईच्या वेणीचा वास आला, डोळ्यात पाणीच आलं.

शाकाहारी लोकांनी पण करून बघा. २४ डिसेंबरच्या रात्री, विगिलियाला, तिकडे मांस चालत नाही, तेव्हा आत काशा म्हणजे भाजलेल्या कुट्टूचे दाणे आणि सुकवलेले मशरूम असतात. मशरूम भिजवलेलं पाणी फेकू नका, सॉस त्याचाच करतात.

करवीरकर
रेसिपीत माझी काही मदत नाही पण वाचून राहवलं नाही. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, रशियातून इराणमार्गे आलेली. सायलीताई, तुमच्या आजींना वळिवडे हे नाव सांगून बघा.

सायली_व्रोत्सवाफ
सगळ्यांचे मनापासून आभार!! काल केली. १६ पैकी १४ अखंड निघाली, दोन तळाशी जरा लागली. मीनलताई, शीर तासल्यावर पान कसं हातात वळतं हे कळलं आणि तिथेच निम्मं काम झालं. आजींनी पहिला घास घेतला आणि काही न बोलता दुसरं वाढून घेतलं. वळिवडे त्यांना माहीत नव्हतं, पण पोलंडची मुलं भारतात एका महाराजांकडे होती हे त्यांनी ऐकलं होतं, जामनगरचं असणार. जाताना सांगून गेल्या की उरलेली आज खाऊ नको, उद्या लोण्यावर लालसर परतून खा. आत्ता तेच चाललंय, लेक तव्याशेजारीच उभा आहे.